खांदा निखळल्यानंतर तालमीत परतताना या चुका टाळा

माघ-फाल्गुनात गावोगावच्या यात्रांच्या कुस्त्या ठरू लागल्या, की आमच्या तालमीच्या कट्ट्यावर एक हात दुसऱ्या हाताने पोटाशी धरून बसलेला एखादा मुलगा हमखास दिसतो. खांद्याला नेमके काय झाले आहे, हे तो क्वचितच विचारतो. चैत्रातल्या मैदानात उतरता येईल का, एवढेच त्याला हवे असते. मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात मातीवर आणि गादीवर (मॅटवर) मिळून बारा वर्षे लढलो, माझा उजवा खांदा दोनदा निखळला, त्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर वस्तादांनी दुखापतीतून परतणाऱ्या मुलांचा सराव माझ्याकडे सोपवला. इतक्या वर्षांत मुले बदलली, पण त्यांच्या चुका त्याच राहिल्या आहेत, म्हणून त्या एकदा लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

खुब्याचा सांधा खोल खोबणीत बसलेला असतो. खांद्याचे तसे नाही. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि फऱ्यावरची त्याची खोबण उथळ, त्यामुळे हात चहूकडे फिरतो खरा, पण गोळा जागेवर धरून ठेवण्याचे काम खोबणीभोवतीची कूर्चेची कड, अस्थिबंध आणि रोटेटर कफ नावाचा चार स्नायूंचा संच यांनाच करावे लागते. निखळलेले बहुतेक खांदे पुढच्या बाजूला निखळतात, आणि तेही हात बाजूला उचललेला असताना मागे वळवला गेला की. कुस्तीत पाठ लागली की हार होते, म्हणून पडताना मल्ल सहजप्रेरणेने हात मागे टेकतो, आणि नेमकी हीच ती स्थिती असते. पाठ वाचवण्याची जी सवय आम्ही लहानपणापासून अंगात मुरवतो, तीच खांद्याला महागात पडते.

चूक पहिली: हौद्यातच खांदा ओढून बसवणे

या चुकीबद्दल मी सर्वांत जास्त बोलतो आणि तरीही ती थांबत नाही. खांदा निखळला, की तालमीतला कोणीतरी जाणता पुढे येतो, मुलाच्या काखेत पाय रोवतो आणि हात ओढतो. खट्ट असा आवाज होतो, मुलाचा चेहरा सैलावतो, भोवतीचे सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि प्रकरण मिटले असे समजून पुढची जोड हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, उतरते.

आमच्याकडे पन्हाळ्याच्या बाजूचा एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. एकेरी पट काढताना, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडायला जाताना, समोरच्याने त्याला वरून दाबले, तो डाव्या हातावर पडला आणि दोघांचेही वजन त्या एका हातावर आले. खांद्याची गोलाई जाऊन तिथे चौकोनी कोपरा दिसू लागला. मी त्या दिवशी तालमीत नव्हतो. एका ज्येष्ठ मल्लाने चांगल्या हेतूनेच तो खांदा ओढून बसवला आणि मुलगा दुसऱ्या दिवशी बैठका मारायलाही आला. तीन आठवड्यांनी तो मला म्हणाला, "दादा, दुखत नाही, पण हात बाजूला उचलतच नाही." मी दंडाच्या वरच्या भागावर बाहेरच्या बाजूने बोट फिरवले, तर हाताच्या तळव्याएवढ्या जागेत त्याला स्पर्शच कळत नव्हता, आणि खांद्यावरचा मांसल भाग उतरलेला स्पष्ट दिसत होता. त्या स्नायूला जाणारी नस दंडाच्या हाडाला वळसा घालून जाते आणि तीच दुखावली होती. ही इजा पडताना झाली की ओढताना, असे आम्ही डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, की ओढण्यापूर्वी कोणी तपासलेच नाही, त्यामुळे आता ते सांगता येणार नाही. ती नस सुधारायला आठ महिने लागले. ज्या ज्येष्ठाने हात ओढला, तो आजही त्या मुलाकडे पाहताना अस्वस्थ होतो.

रुग्णालयात आधी एक्स-रे काढतात, कारण दंडाचे हाड वरच्या बाजूला मोडलेले असेल तर ओढल्याने ते तुकडे सरकू शकतात. नस आणि रक्तवाहिनी शाबूत आहे का, हे पाहतात, स्नायू सैल करण्याचे औषध देऊन खांदा बसवतात आणि नंतर पुन्हा एक्स-रे काढतात. हाडवैद्यांच्या हातातले कौशल्य मी पाहिलेले आहे आणि त्याचा आदरही करतो. पण एक्स-रेच्या आधी हात लावू देण्याच्या मी ठाम विरोधात आहे. हात ज्या स्थितीत कमीत कमी दुखतो, त्याच स्थितीत पंचाने अंगाशी बांधावा आणि निघावे. बोटे गार पडली असतील किंवा हाताला मुंग्या येत असतील तर एक मिनिटही वाया घालवू नये. वाटेत मुलाला धीर यावा म्हणून दूध किंवा थंडाई पाजू नये, कारण गुंगीचे औषध द्यायचे असल्यास पोट रिकामे असलेले बरे असते.

चूक दुसरी: वेदना थांबली म्हणजे खांदा बरा झाला असे मानणे

ही चूक मी स्वतः केली आहे. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. पहिल्यांदा खांदा निखळल्यावर मी तीन आठवडे हात गळ्यातल्या पट्ट्यात ठेवला आणि पट्टा काढला तेव्हा दुखणे जवळजवळ संपले होते. चौथ्या आठवड्यात मी शंभर जोर काढले. सातव्या आठवड्यात आमच्या गावच्या यात्रेत माझी कुस्ती ठरलेली होती. ती निकाली, म्हणजे वेळेची मर्यादा नसलेली, कुस्ती होती. पहिली दहा मिनिटे खांदा उत्तम चालला आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. त्यानंतर मी दमलो, खाली गेलो आणि समोरच्याने हप्ते भरले, म्हणजे माझा हात डावाच्या पकडीत अडकवला. मी हात काढून घेण्यासाठी जोर लावला त्याच क्षणी गोळा पुन्हा बाहेर आला. एमआरआयमध्ये खोबणीची पुढची कड फाटलेली आणि दंडाच्या हाडाच्या गोळ्याला मागून खळगा पडलेला दिसला. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून ती कड हाडाला पुन्हा शिवावी लागली आणि त्या चैत्रातल्या एका कुस्तीपायी माझे पुढचे दोन हंगाम गेले.

सूज आणि वेदना दोन-तीन आठवड्यांत उतरतात, पण फाटलेले अस्थिबंध भरून येऊन ताण सोसण्याइतके घट्ट व्हायला काही महिने लागतात. त्या मधल्या काळात खांदा दुखत नाही, पण सुरक्षितही नसतो. त्यातच वय जितके कमी, तितका तो पुन्हा निखळण्याचा धोका जास्त असतो. त्यामुळे "पोर लहान आहे, लवकर भरून येईल" हे घरच्यांचे म्हणणे खांद्याच्या बाबतीत उलटे ठरते. विशीच्या आतल्या मल्लाचा खांदा पहिल्यांदा निखळला असेल, तरीही खांद्याच्या जाणकार शल्यविशारदाचे मत घ्यावे असे मी सांगतो. शस्त्रक्रिया करून घेतलीच, तर पूर्ण ताकदीने लढायला साधारण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि तो काळ कोणत्याही खुराकाने कमी होत नाही. बदाम आणि तूप अंगाला लागते, परंतु अस्थिबंध आपल्याच गतीने जुळतो. खासबागेत कुस्ती मिळाली आहे, हे कारण सांगणारी मुले मला समजतात, कारण त्या मैदानाची ओढ मलाही होती. पण शाहू महाराजांच्या काळात १९१२ साली खुले झालेले ते मैदान पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे, हे मी त्यांना शांतपणे सांगतो.

वेदनेवर विसंबायचे नाही, तर कशावर विसंबायचे, याच्या माझ्या काही सवयी आहेत. तालमीच्या मागच्या भिंतीवर मी प्रत्येक मुलाच्या हाताची पेन्सिलीने खूण करतो. मुलाने भिंतीला तोंड करून उभे राहायचे, बोटे भिंतीवरून चालवत वर न्यायची आणि खांदा कानाकडे न उचलता हात जिथे पोहोचेल तिथे रेघ मारायची. शेजारी चांगल्या हाताची रेघ असते. त्या दोन रेघा एका उंचीला येईपर्यंत जोरांचा विषयही निघत नाही. दुसरी खूण झोपेची आहे. दुखऱ्या खांद्याच्या कुशीवर रात्रभर झोप लागत नसेल, तर तो खांदा दुसऱ्याच्या अंगाचा भार घेण्यास तयार नाही, असे मी धरतो. तिसरी गोष्ट ताकदीची आहे आणि ती मी फिजिओथेरपिस्टकडून मोजून घेतो. दुखरा हात चांगल्या हाताच्या निदान नव्वद टक्के ताकद दाखवू लागला, की मगच मी वस्तादांकडे त्याचे नाव काढतो.

चूक तिसरी: जोर आणि सपाट्यांपासून सुरुवात करणे

तालमीत मेहनत म्हणजे जोर, म्हणून परतलेला प्रत्येक मुलगा पहिल्या दिवशी जमिनीवर हात टेकतो. जोर काढताना मागे रेटलेल्या स्थितीत हात डोक्याच्या वर जातात आणि पुढे झेपावताना शरीराचा मोठा भार खांद्यावरून सरकतो. निरोगी खांद्यासाठी हा व्यायाम अतिशय चांगला आहे. अर्धवट भरलेल्या खांद्यासाठी तो फार लवकर येतो. डॉक्टरांनी पट्टा काढायला परवानगी दिली, की कमरेत वाकून हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा लोंबता ठेवावा आणि लहान वर्तुळे काढावीत. नंतर कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये गुंडाळलेला पंचा धरून, खिडकीच्या गजाला बांधलेली सायकलची जुनी ट्यूब बाहेरच्या बाजूला ओढावी. महागडा रबरी पट्टा आणला नाही तरी चालतो, पण हे काम रोज व्हायला हवे. मुलांना त्याचा कंटाळा येतो, कारण त्याने दंड फुगत नाही. गोळा खोबणीच्या मध्यावर धरून ठेवणारे लहान स्नायू मात्र त्यानेच कामाला लागतात, आणि पाहुण्यांना दाखवायच्या दंडापेक्षा ते मला महत्त्वाचे वाटतात. त्यानंतर भिंतीवरचे जोर, मग कट्ट्यावरचे, मग गुडघे टेकून, आणि सर्वांत शेवटी जमिनीवरचे. करेला, म्हणजे जड लाकडी मुदगल, फिरवताना हात डोक्यामागे जाऊन नेमका त्याच धोक्याच्या स्थितीत येतो, म्हणून करेला आणि दोर मी जोरांच्याही नंतर देतो.

काही चुकांना एक-दोन वाक्ये पुरेत. निखळलेल्या खांद्याला पहिल्या आठवड्यात तेल लावून रगडू नये. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपेक्षा जास्त दिवस भीतीने पट्टा वापरू नये, कारण सांधा आखडतो आणि मग तो सोडवण्यात महिने जातात. हात बांधलेला आहे म्हणून पाय मोकळे सोडू नयेत. तोल न जाऊ देता बैठका आणि चालणे सुरू ठेवता येते. वेदनाशामक घेऊन लढू नये, कारण थांबण्याची सूचना देणारी एकमेव गोष्ट आपण स्वतःच बंद करतो. गादीवर स्पर्धा खेळणाऱ्याने स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याआधी विशेष सावध राहावे, कारण जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात शरीरात कुठेही दिलेले असे इंजेक्शन उत्तेजकविरोधी नियमांनुसार निषिद्ध आहे.

चूक चौथी: हौद्यात उतरल्यावर थेट लढत धरणे

माझ्याकडे परतलेला मुलगा पहिले काही दिवस फक्त पडतो. हात छातीशी घेऊन, हनुवटी आत ओढून, दोन्ही बाजूंना, आधी गुडघ्यांवरून आणि मग उभ्याने. हात मागे टेकण्याची जुनी सवय मोडल्याशिवाय बाकीचे सगळे व्यर्थ आहे आणि ती सवय बोलून मोडत नाही, शेकडो वेळा पडूनच मोडते. माती त्या दिवशी नीट उकरून भुसभुशीत केलेली असावी, मात्र भुसभुशीत मातीत टेकलेला हात रुतून बसतो आणि अंग त्याच्याभोवती फिरते, हे मी डोळ्यांनी पाहिले असल्याने टेकलेल्या प्रत्येक हातासाठी मी मुलाला थांबवतो आणि पुन्हा पडायला लावतो.

त्यानंतर खडाखडी, म्हणजे उभ्याने एकमेकांना पकडून अंदाज घेणे, पण पकड सुटली की थांबायचे. मग खालची कुस्ती, ज्यात परतलेला मुलगा वर असेल. खाली जाण्याची पाळी सर्वांत शेवटी येते, कारण हप्ते आणि मोळीसारख्या डावांत हात दुसऱ्याच्या ताब्यात जातो. या सगळ्या काळात जोड मी ठरवतो. समवयस्क, चुरशीचा मित्र मी कधीच देत नाही. वयाने मोठा, आपले वजन कुठे पडते आहे हे कळणारा आणि "सोड" म्हटल्याबरोबर सोडणारा मल्ल देतो. खांदा दुखावला होता हे जोडीदारापासून लपवणारी मुले मी पाहिली आहेत आणि त्यांना मी दिवसभर हौद्याबाहेर बसवतो.

पहिली खरी लढत गादीवरची असावी, असे माझे मत आहे, आणि मातीवर प्रेम करणाऱ्या वस्तादांशी माझा यावरून वादही झाला आहे. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि कुस्ती कधी संपणार हे आधीच ठाऊक असते. निकाली कुस्तीत ती मर्यादा नसते, आणि खांद्याभोवतीचे लहान स्नायू दमले की गोळा सांभाळणारे कोणी उरत नाही; माझा खांदा अकराव्या मिनिटाला गेला, पहिल्या मिनिटाला नव्हे. म्हणून निकाली कुस्ती धरण्यापूर्वी तालमीत सलग पंधरा-वीस मिनिटांची लढत, दोन-तीन ताज्या जोडींशी, निदान चार वेळा तरी विनातक्रार झालेली मला हवी असते.

सायकलच्या ट्यूबचे काम त्यानंतरही सुटत नाही. माझ्या शस्त्रक्रियेला बरीच वर्षे झाली आहेत, तरी मी आजही आठवड्यातून तीन दिवस दोन्ही हातांनी ती ओढतो. परतल्यानंतर हात वर नेताना खांदा निसटल्यासारखा वाटला, रात्री ठणका लागू लागला किंवा दंडावर बधिरपणा आला, तर त्याच दिवशी लंगोट सोडून डॉक्टरांकडे जावे आणि भिंतीवरची रेघ पुन्हा पहिल्यापासून मारावी.