चौकटीच्या वहीवर जाड पिक्सेल अक्षरं कशी काढावीत

सांगलीत एखाद्या कॉलेजच्या गॅदरिंगला व्हिडिओ गेमची स्पर्धा ठरली की पोस्टरला जुन्या गेममधली ठोकळेबाज, जाड अक्षरं हवीशी वाटतात. इंग्रजीसाठी 'प्रेस स्टार्ट टू पी' हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. 1980च्या दशकातल्या नाम्को या जपानी कंपनीच्या गेममधल्या अक्षरांवर तो बेतलेला आहे. त्यात देवनागरी मात्र नाही. म्हणून 'सांगली' आपल्या हातानेच काढायचं, आणि ते कुणालाही जमतं.

चौकटीची वही घ्या. एक चौकट म्हणजे एक पिक्सेल. त्या गेममधलं इंग्रजी अक्षर 8 बाय 8 चौकटींत बसायचं. एका रंगात ते जेमतेम 8 बाइट जागा घ्यायचं. हे माप देवनागरीला लावलं की वेलांट्या चिरडतात, उकार गायब होतात. मी 16 ओळी घेतो: मात्रा-वेलांटीसाठी 4, शिरोरेघेला 2, अक्षराला 7 आणि उकारासाठी खाली 3.

आधी शिरोरेघ पूर्ण रंगवा, मग अक्षरं तिला लटकवा. उभ्या रेषा दोन चौकटी जाड ठेवा. आडव्या रेषा अडचणीच्या जागी एका चौकटीच्या केल्या तरी चालतं. 'स' आणि 'ल'च्या पोटात तसंच करावं लागतं. पोटातली पांढरी जागा बुजली की लांबून अक्षर नुसता डाग दिसतो. जाडी थोडी गेली तरी चालेल, ती जागा जाऊ देऊ नका. 'सां'वरचा अनुस्वार दोन बाय दोनचा करा आणि शिरोरेघेपासून एक ओळ सोडून ठेवा. सगळ्या अक्षरांची रुंदी सारखी करायचा हट्ट नको. 'ग' अरुंदच शोभतो, 'ष्ण'ला ऐसपैस जागा लागते.

'सांगली' जमलं की मिरज, कुपवाड, कृष्णा लिहून बघा. पहिली वेलांटी, उकार आणि जोडाक्षर, तिन्हींची परीक्षा होते.

आता संगणकावर. गिम्प या फुकट मिळणाऱ्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये 16 पिक्सेल उंचीची फाइल उघडा आणि ब्रशऐवजी पेन्सिल वापरा, कारण ब्रश कडा मऊ करतो. मोठं करताना इंटरपोलेशन (मधले पिक्सेल भरायची पद्धत) 'नन' (None) ठेवा आणि पूर्ण पटीतच वाढवा: 10 पट, 40 पट, पण साडेबारा पट नाही. सेव्ह पीएनजीमध्ये करा. जेपीजीमध्ये कडांभोवती करड्या ठिपक्यांची घाण येते. फ्लेक्सवाल्याकडे छोटी फाइल पाठवू नका, तो ती ओढून मोठी करेल आणि अक्षरं धुरकट होतील. अक्षरांची पट्टी दोन फूट उंच हवी असेल तर एक चौकट दीड इंचाची पडते. तो हिशेब आधीच सांगून टाका.

हे अक्षर मथळ्याचं. स्पर्धेचं नाव, टी-शर्ट, स्टिकर, स्कोअरबोर्ड इथे ते खुलतं. तारीख, नियम, प्रवेश फी मात्र साध्या फॉन्टमध्ये लिहा.