जुन्या धक्क्याचे हिरवट लाकूड घरी आणण्यापूर्वी

खाडीवरचा लाकडी धक्का मोडला की त्याचे खांब स्वस्तात मिळतात, आणि आपल्याकडे चांगले लाकूड वाया घालवणे कोणालाही पटत नाही. परंतु त्यात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक असलेले लाकूडरक्षक मुरवलेले असू शकते. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ मध्ये ते शोधले. त्यातले तांबे बुरशीला रोखते आणि आर्सेनिक वाळवीला मारते, तर क्रोमियममुळे लाकडातच न विरघळणारी आर्सेनेटे तयार होत असल्याने कोकणातल्या पावसातही बहुतेक विष जागेवर राहते. खाऱ्या पाण्यातल्या खांबांत ते सर्वाधिक भरतात: जमिनीत रोवायच्या खांबाला दर घनमीटरमागे सुमारे ६.४ किलो, तर समुद्रातल्या खांबाला ४० किलोपर्यंत.

अशा खांबाच्या ताज्या कापावर कडेने हिरवट पट्टा दिसतो आणि गाभा बहुधा साधाच असतो. उन्हापावसाने रंग उडून लाकूड राखाडी होते, त्यामुळे वरून पाहून निर्णय घेऊ नये. शंका आल्यास ते विषारीच समजावे.

कुंपणासाठी किंवा बांधाच्या आधारासाठी ते उत्तम आहे. भाजीचा वाफा, विहिरीचा रहाट, गुरांची गव्हाण आणि मासळी कापायचा ठोकळा यांसाठी ते कदापि वापरू नये. कापणे उघड्यावर, खाली ताडपत्री अंथरून आणि धूळ रोखणारा मास्क लावून करावे (तोंडावरचा पंचा पुरत नाही). भुसा पूर्ण गोळा करावा, हात धुतल्याशिवाय पानसुपारीसुद्धा खाऊ नये आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत.

खरा धोका जाळण्यात आहे. चूल, न्हाणीचा बंब, शिमग्याची होळी, भाताचा राब, यांपैकी कोठेही त्याची ढलपीदेखील जाता कामा नये, कारण काही आर्सेनिक धुरातून पसरते आणि उरलेले राखेत साठते. त्याच राखेने आपण भांडी घासतो, तीच माडाच्या अळ्यात टाकतो. आणि पाणी साचलेल्या खाचरातले भात तर इतर धान्यांपेक्षा आर्सेनिक अधिक शोषते.

उरलेले तुकडे आणि भुसा जाड पिशवीत बांधून, सरपणापासून दूर, पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी ठेवावेत आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्यावेत.