टॅकल किती गंभीर? नव्या फुटबॉल रेफरींनो, या चुका टाळा

जुलैतलं शिवाजी पार्क, घोट्यापर्यंत चिखल. डिफेंडर लांबून घसरत आला, बॉलला पाय लागला आणि त्याच झपाट्यात बुटाच्या तळाचे स्टड समोरच्याच्या नडगीवर. शिट्टी वाजायच्या आत ओरडा सुरू: "सर, बॉल घेतला ना मी! आधी बॉल!" नवा रेफरी गडबडतो आणि खिशाकडे गेलेला हात परत येतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आधी बॉलला पाय लागला म्हणून सगळं माफ, असं फुटबॉलच्या बाराव्या, म्हणजे फाऊलबद्दलच्या नियमात कुठेही लिहिलेलं नाही. तिथे तीन पायऱ्या आहेत. टॅकल, म्हणजे समोरच्याकडून बॉल हिसकावायचा प्रयत्न, नुसताच निष्काळजी असेल तर फ्रीकिक, कार्ड नाही. समोरच्याला लागेल याची पर्वाच केली नसेल तर पिवळं. गरजेपेक्षा जास्त जोर लावला किंवा समोरच्याच्या जिवाशी खेळ केला, तर लाल.

मग बघायचं काय? वेग, किती लांबून उडी घेतली, पाय जमिनीला धरून होता की वर, गुडघा ताठ की वाकलेला, एक पाय की दोन्ही, स्टड नेमके कुठे बसले. बुटाच्या वरच्या भागाने घोट्याला लागलेला धक्का आणि ताठ पायाने नडगीवर रुतलेले स्टड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि "सर, चिखलात घसरला तो" हे मला पटत नाही. ओल्या मैदानात पाय थांबणार नाही हे उडी मारणाऱ्यालाही ठाऊक असतं.

दुसरी चूक म्हणजे विव्हळण्यावरून कार्ड ठरवणं. लोळणारा पोरगा दोन मिनिटांत कॉर्नर घ्यायला पळतो; उलट नशिबाने वाचलेला काहीच बोलत नाही, पण टॅकल लालच असतो.

"मागून आला म्हणजे लाल" हेही खरं नाही. पुढून, बाजूने, मागून, मोजमाप एकच. "लास्ट मॅन", म्हणजे गोलकीपरआधीचा शेवटचा डिफेंडर, हा शब्दही नियमात नाही. हुकमी गोल अडवला का हे ठरवायला गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, बॉल ताब्यात राहण्याची शक्यता आणि डिफेंडर किती व कुठे, हे बघायचं. गोलसमोरच्या बॉक्समध्ये (पेनल्टी एरियात) बॉलसाठी प्रामाणिक प्रयत्न करताना हुकला आणि हुकमी गोल अडवला, तर 2016 पासून पेनल्टी आणि पिवळं. पण टॅकलच राक्षसी असेल तर ही सवलत नाही.

लाल कार्डाच्या टॅकलनंतर ॲडव्हान्टेज देऊ नका, म्हणजे खेळ तसाच चालू ठेवू नका. समोर गोलची स्पष्ट संधी असेल तरच द्या.

शेवटी कडेचे काका मोबाईल घेऊन येतात: "हे बघा, स्लो मोशनमध्ये!" स्लो मोशनमध्ये साधा धक्काही खुनी हल्ला वाटतो. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघणारा रेफरीसुद्धा, पाय नेमका कुठे लागला एवढंच हळू करून बघतो, जोर किती होता ते नेहमीच्या वेगातच. काकांना हसून म्हणा, "काका, मॅच संपल्यावर बघू," आणि फ्रीकिकची जागा दाखवा.