छातीला मार लागला तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत काय करायचं

मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या हिंगणा रोडवर एक दूधवाला पोरगा डिव्हायडरवर बसून होता, गाडी आडवी पडलेली, कॅन रस्त्यावर लोळून राहिले होते, आणि तो म्हणे "काही नाही झालं भाऊ, थोडा दम लागून राहिला फक्त." रक्त कुठंच नव्हतं. हँडलचं टोक छातीत बसलं होतं, बस. लोकं त्याला पाणी पाजून घरी पाठवायलाच निघाले होते. मी बाजूला बसलो आणि मोबाईलवर टायमर लावून त्याचे श्वास मोजले, अर्ध्या मिनिटात १२, म्हणजे मिनिटाला २४. पाच मिनिटांनी परत मोजले तर अर्ध्या मिनिटात १७, आणि आता त्याच्या तोंडून पूर्ण वाक्यही निघत नव्हतं, दोन शब्द बोलला की थांबे. फुप्फुसाच्या बाहेर हवा साचून राहिली होती, दवाखान्यात छातीत नळी टाकली तेव्हा कुठं वाचला.

म्हणून सांगतो, रक्त पाहू नका, श्वास मोजा. मोठ्या माणसाचा साधारण १२ ते २० असतो, ३० च्या वर गेला किंवा १० च्या खाली आला तर मामला गंभीर आहे. आणि एकदा मोजून सोडायचं नाही, दर पाच मिनिटांनी मोजायचं, आकडा कुठं चालला ते महत्त्वाचं.

आधी १०८ लावा. गाडी फुकट येते, सोबत डॉक्टर असतो. ट्रॅफिक अंगावर येत असेल तर कोणाला तरी मागं उभं करा. मग शर्ट वर करा, नाही निघाला तर कापा, बाई असेल तर दुपट्टा आडवा धरायला सांगा, पण छाती पाहिल्याशिवाय राहू नका. दोन्ही बाजू सारख्या वर येऊन राहिल्या का पाहा. पाठ आणि काख पण पाहा, आत घुसलेल्या वस्तूची जखम कितीदा मागं असते आणि सगळे समोरच पाहत बसतात. हलकेच हात फिरवला आणि कातडीखाली मुरमुरे दाबल्यासारखं कुरकुर लागलं तर आतली हवा बाहेर निसटून कातडीखाली आली आहे असं समजा. छातीचा एखादा तुकडा उलटा चालत असेल, म्हणजे श्वास घेताना बाकी छाती वर आणि तो आत, तर बाजूबाजूच्या दोन-तीन बरगड्या दोन-दोन जागी तुटलेल्या आहेत.

सगळ्यात घातकी प्रकार म्हणजे हवा आत जाते पण बाहेर येत नाही, सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह असतो ना तसं. दर श्वासाला आत दाब वाढत जातो, फुप्फुस चेपतं, मग हृदयाकडं येणारं रक्तच अडतं. माणूस कासावीस होतो, मानेच्या शिरा फुगतात, ओठ निळे पडतात, नाडी धावते. (रक्त खूप गेलं असेल तर शिरा फुगत नाहीत, म्हणून त्यावर अडून बसू नका.) याच्यावर इलाज म्हणजे सुई टाकून हवा काढणं, आणि ते शिकलेल्या माणसाचंच काम आहे. आपलं काम एवढंच की १०८ वाल्याला फोनवर स्पष्ट सांगायचं, छातीला मार आहे आणि श्वास वाढत चालला आहे.

कोविडमधला ऑक्सिमीटर घरात कुठंतरी पडला असेलच, तो लावा. ९४ च्या खाली म्हणजे ऑक्सिजन लागतो. पण बोटं थंडगार असतील तर तो चुकीचा आकडा दाखवतो, तेव्हा माणसाकडंच पाहा.

आता छातीला भोक पडलेलं असेल, फसफस आवाज येऊन राहिला, फेस येऊन राहिला, तर बरेच जण प्लास्टिक लावून चारही बाजूनं चिकटवतात. असं करू नका. आतली हवा कोंडली की वर सांगितलेला तोच व्हॉल्व्हचा प्रकार होतो. जखम उघडी ठेवा किंवा स्वच्छ सुती कापड सैल ठेवा, ते रक्तानं भिजून चिकटलं की बदला, कारण भिजलेलं कापडही झाकणासारखंच काम करतं. रक्त जोरात वाहत असेल तर मात्र दाबावंच लागतं. चाकू, सळई, काच आत रुतली असेल तर हात लावू नका, बाजूनं कापडाच्या गुंडाळ्या ठेवून ती हलणार नाही एवढं पाहा.

शुद्धीत असेल आणि दम लागत असेल तर टेकून बसवा, झोपवायची जबरदस्ती नको. मान-पाठीला मार वाटत असेल तर आहे तसाच ठेवा. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, तर मार लागलेली बाजू खाली करून कुशीवर, म्हणजे चांगलं फुप्फुस वर मोकळं राहतं. श्वासच बंद पडला तर बरगड्या तुटल्या असतील म्हणून थांबू नका, छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं दाबायला लागा. आणि पाणी पाजू नका! आपल्याकडं ४५ डिग्रीत पाणी विचारणं हा स्वभावच आहे, मला समजतं, पण उलटी झाली तर ती श्वासनळीत जाते, आणि ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. ओठ ओले करा फक्त.

पोलिसांच्या भीतीनं मागं सरकू नका. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, मदत करणाऱ्यावर केस होत नाही आणि नाव सांगायची सक्ती नाही.

नागपूरचे मोठे सरकारी दवाखाने मेडिकल, मेयो असोत की दुसरा कोणता दवाखाना, तिथं नेताना तीन गोष्टी हातावर पेनानं लिहून ठेवा, किती वाजता लागलं, कशानं लागलं, आणि श्वासाचे आकडे वेळेसकट.

घरातले आजी-आजोबा बाथरूममध्ये पडले तर छातीला क्रेप बँडेज किंवा पट्टा आवळू नका, श्वास उथळ होतो, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. खोकताना उशी छातीशी धरायला द्या. लेकरांची हाडं लवचिक असतात, बरगडी न तुटता फुप्फुसाला मार बसतो, म्हणून वरून काही दिसत नसलं तरी दाखवाच. आणि दवाखान्यातून घरी पाठवलं तरी पहिल्या रात्री एकटं झोपू देऊ नका, कारण पहिल्या एक्स-रेत काहीच न दिसता नंतर हवा साचू शकते. दम वाढला, थुंकीत रक्त आलं, चक्कर आली, किंवा खालच्या बरगड्यांना मार होता आणि आता पोट दुखून राहिलं (तिथं डावीकडं प्लीहा आणि उजवीकडं लिव्हर असतं), तर सकाळची वाट न पाहता लगेच परत न्या.