भोगीची तयारी आदल्या रात्रीपासून

दिवस मोठा व्हायला लागतो २१-२२ डिसेंबरला आणि आपली संक्रांत येते १४-१५ जानेवारीला. सुमारे १७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र येत. पुढे साधारण ७०-७२ वर्षांना एक दिवस असं अंतर पडत गेलं. तरी थंडीतून अंग मोकळं करायचा आपला दिवस संक्रांतीच्या आदला, भोगीचाच. गंमत म्हणजे मुंबईत जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उशिराच उगवत जातो, दिवस वाढतो तो संध्याकाळकडून.

आदल्या रात्री दोन चमचे बिनपॉलिशचे तीळ भिजत घाला. सकाळी थोड्या पाण्यात भरड वाटून चिमूटभर हळद मिसळा. अंगाला कोमट तिळाचं तेल चोळून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग हे वाटण लावा. फार बारीक वाटलं तर चिकटून बसतं, तेल निघत नाही. केसांना लावू नका, कण दिवसभर निघत राहतात; केसांना शिकेकाई बरी. मोरीच्या जाळीवर जुनं फडकं टाका, नाहीतर तिळाचा चोथा तुंबतो. आणि फरशी निसरडी होते, घरातल्या म्हाताऱ्यांना स्टुलावर बसवूनच न्हाऊ घाला.

भाजी चौघांसाठी: सोलाणे, पावटे, ओले शेंगदाणे अर्धी-अर्धी वाटी, चार लहान वांगी, दोन गाजरं, एक शेवग्याची शेंग, आठ-दहा बोरं, उसाचे पाच-सहा करवे. पावटे सोलून ठेवायचं कामही रात्रीच उरका. बोरं मात्र एकेक चिरून आत बघा, अळी बहुतेक गोड बोरातच असते. वांगी चिरल्याबरोबर मिठाच्या पाण्यात टाका.

फोडणीत आधी पावटे, सोलाणे, दाणे परता, दीड वाटी गरम पाणी घालून झाकण ठेवा. ते बोटाने दबले की शेंग, गाजर, वांगी, ऊस. बोरं शेवटच्या पाच मिनिटांत. चिंचेचा कोळ दाणे शिजल्यावरच. भाजी बिघडते ती बहुधा इथेच: आंबट आधी पडलं की पावटे कितीही उकळा, टणकच राहतात. मग गोडा मसाला, सुपारीएवढा गूळ आणि तीन चमचे तिळाचं कूट. तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा. लाल झाले की सगळी भाजी कडवट.

बाजरीचं पीठ आठवड्याभरात दळलेलं हवं, जुनं पीठ कडू लागतं. त्यात चिकटपणा कमी, म्हणून चांगलं गरम पाणी घ्या आणि एका वेळी एकाच भाकरीचं पीठ तळहाताच्या टाचेने रगडून मळा. थापत आली की वर तीळ पेरून हलकेच थोपटा. तीळ वर राहतील अशी तव्यावर टाका, ओला हात अलगद फिरवा, नाहीतर तीळच हातात येतात. पाणी पुरतं सुकण्याआधी उलटा. उशीर झाला की भेगा पडतात आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू भाजली की थेट जाळावर. वर लोण्याचा गोळा.

या दिवशी जुन्या वस्तू जाळायची रीत आंध्र-तमिळनाडूकडची. आपल्याकडे घर झाडून-पुसून घेतलं की झालं, फ्लॅटच्या गच्चीवर शेकोटीचा घाट घालू नका.

वाढताना मुलांना आधी सांगा: बोरांत बिया तशाच आहेत, आणि करवे चोखून टाकायचे.