माळावरचं गाणं आणि मागाची खटखट

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला मागाची खटखट ऐकू येत नाही. ती थांबली की कळतं, लाइट गेली. आमच्या घराच्या भिंतीपलीकडेच कारखाना होता आणि आई तिथं सुताच्या कांड्या भरायची. दारातून नुसतं ओरडून तिला काही कळायचं नाही. आवाज किनरा काढला, दोन खटक्यांच्या मधे हाक घातली, की मात्र ती वळायची. हे कुणी शिकवलं नव्हतं.

पुढं प्राणिशास्त्रात एमएस्सी करताना पक्ष्यांच्या आवाजावर प्रकल्प घेतला, तेव्हा नेदरलँड्समधल्या लायडन शहराचा अभ्यास वाचनात आला. २००३ साली तिथं दिसलं, की गजबजलेल्या भागातले ग्रेट टिट पक्षी गाण्यातले खालचे सूर वर नेतात. वाहनांची घरघर खालच्या पट्टीतली, त्यात खालचा सूर बुडतो. वाचून मी हसले. या विषयात नव्यानं येणाऱ्यांनी मला विचारलं, तर मी इथूनच सुरुवात करायला सांगते: पक्षी कुठला हे नंतर बघा, आधी तो कशाच्या मधे गातोय ते ऐका.

या विषयातली जुनी कल्पना युजीन मॉर्टन या पक्षिशास्त्रज्ञांची. पनामातल्या पक्ष्यांचे आवाज तपासून १९७५ साली त्यांनी मांडलं, की जागा गाण्याला वळण लावते. दाट झाडीत आवाज पानाखोडांवर आपटून परत येतो, घुमतो. भरभर म्हटलेले सूर एकमेकांत मिसळून त्यांचा काला होतो. म्हणून तिथं खालच्या पट्टीतली, सावकाश, शिट्टीसारखी गाणी जास्त. उघड्यावर घुमण्याचा त्रास नाही, पण वारा आवाजाला मधेच उचलतो, मधेच दाबतो. तिथं बारीक बारीक तुकडे झरझर, पुन्हा पुन्हा म्हटलेले बरे. दोनचार वाऱ्यानं खाल्ले तरी बाकीचे पोचतात.

हे वाचून मी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर, माळढोक अभयारण्यात गेले. मृग तोंडावर आला होता, उजाडत होतं, वारा अजून पडलेला. झाड नावाला नाही, मग गाणाऱ्यानं बसायचं कुठं? डोंबारी नावाचा चिमणीएवढा चंडोल सरळ वर चढत गेला आणि पंख मिटून शिट्टी घालत खाली कोसळला. जमिनीला टेकतोय असं वाटेपर्यंत पुन्हा वर. नाव उगाच पडलेलं नाही. ही कसरत मादीसाठी असतेच, पण आवाजाच्या दृष्टीनंही ती फायद्याची. जमिनीलगत गवत आणि माती आवाज पिऊन टाकतात, उंचावरून तो लांब जातो. पलीकडं माळटिटवी ओरडत होती, कुठंतरी तितर सुरू झाला होता. साइक्सचा चंडोल तर दुसऱ्यांच्या नकला करतो, त्यामुळं पहिले काही दिवस माझ्या याद्यांत तिथं नसलेले पक्षीही जमा झाले!

मग माझा मोठा घोळ. सोलापूरच्या सिद्धेश्वर वनविहारातल्या दयाळ पक्ष्याचं गाणं आणि माळावरच्या डोंबाऱ्याचं गाणं शेजारी मांडून मी ऐटीत दाखवलं: बघा, झाडीतलं वेगळं, माळावरचं वेगळं. आमच्या सरांनी एकच विचारलं, ‘‘कावळा आणि चिमणी एकाच झाडावर बसून वेगळी का बोलतात?’’ दोन जातींचे आवाज वेगळे असणारच. अंगाचा आकार, चोच, कूळ, सगळं त्यात येतं. माळढोकाचंच बघा. राहणार उघड्या माळावर, पण नराचा हुंकार इतका खोल, की मॉर्टनच्या नियमात बसवायला जावं तर अडचण. मोठं अंग, मोठा घुमारा. जागेचा परिणाम बघायचा तर एकच जात दोन ठिकाणी ऐकली पाहिजे. मी मग बुलबुल धरला. तो शहरातही असतो, माळाकाठच्या बाभळीतही. हाती काय लागलं? काहीच ठाम नाही. शहरातली रेकॉर्डिंग सकाळी सहाची आणि बाभळीतली नऊची होती, मग फरक जागेचा की वेळेचा, सांगणार कसं? जगभरचे असे अभ्यास एकत्र करून पाहिल्यावरही जागेचा परिणाम बेताचाच निघालाय, तेव्हा पहिल्या प्रकल्पात डोंगर पोखरून उंदीर निघाला तर खट्टू होऊ नका.

उपकरणांचं थोडक्यात सांगते. सुरुवातीला मोबाइल चालतो, पण त्यातली आवाज ‘स्वच्छ’ करणारी सोय बंद करा. पुष्कळदा ती पक्ष्यालाच गाळते. फाइल वेव्हमध्ये ठेवा, एमपीथ्रीत नको. रेकॉर्डरवर आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त होऊ देऊ नका. माझ्या तीन पहाटा त्यात गेल्या, कारण लांबचा पक्षी आणि जवळचा पक्षी दोन्ही सारखेच मोठे आले. वारा अडवायला माइकला केसाळ टोपी हवीच. ऑडिओमॉथ हे खिशात मावणारं, आवाज टिपणारं यंत्र तीन पेन्सिल सेलवर चालतं, झाडाला बांधून ठरल्या वेळी चालू होतं. आणि वाऱ्याची घरघर जावी म्हणून खालचे सूर कापायचं बटण सगळेच दाबायला सांगतात. माळावर ते दाबू नका. माळढोकाचा हुंकार त्याच पट्टीत असतो. आता तो पक्षी इथं दिसला तरी बातमी होते, त्यामुळं मला तो ऐकायला मिळालेला नाही; पण मिळाला असता आणि बटण दाबलेलं असतं तर?

ऑडॅसिटी किंवा रेव्हन लाइट या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये आवाजाचं चित्र बघायला शिका. आडवा वेळ, उभी पट्टी. मी घराच्या गच्चीवरची फाइल पहिल्यांदा उघडली तेव्हा मागाचा प्रत्येक खटका वरपासून खालपर्यंत उभा धागा होऊन आला होता, शेजारच्या बोअरच्या मोटारीची गुणगुण आडवे धागे. ताणा आणि बाणा! मधल्या मोकळ्या जागेत बुलबुलाची दोन वाकडी नक्षी. मर्लिन आणि बर्डनेट ही अ‍ॅप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतात, पण सुचवलेलं नाव डोळ्यांनी पक्षी बघितल्याशिवाय वहीत लिहू नका. अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते. विणीच्या दिवसांत रेकॉर्डिंग वाजवून पक्ष्याला बोलावायचं तर नाहीच. पिल्लं सोडून तो भांडायला येतो.

शिक्षणासाठी देहरादूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, बंगळुरूची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संस्था, कोइमतूरचं सॅकॉन हे पक्षी-अभ्यासाचं केंद्र बघा. तिरुपतीच्या आयसर या विज्ञानसंस्थेत पक्ष्यांच्या गाण्यावर चांगलं काम चालतं. फिजिक्सची, इंजिनिअरिंगची मुलंही इथं हवी असतात. आर किंवा पायथन यांपैकी एखादी संगणकभाषा थोडी आली तर दार लवकर उघडतं. नोकऱ्या बहुतेक प्रकल्पापुरत्या, पगार बेताचा. आई अजून विचारते, ‘‘पाखरं ऐकायचे पैसे देतात व्हय?’’ देतात, पण उशिरा.

माळावर एक धनगर मामा रोज भेटायचे. एकदा त्यांच्या कानाला हेडफोन लावला. बराच वेळ ऐकून म्हणाले, ‘‘ह्यात तर माझीच मेंढरं हायती की.’’ आधी मी ती फाइल खराब म्हणून काढून टाकणार होते. आता ती ठेवली आहे, सोबतच्या नोंदीसकट: सहा वाजून दहा मिनिटं, वारा नाही, डोंबारी २, तितर १, मेंढरं, मामांचा खोकला.