मतदाराच्या दारात उभे राहून ऐकताना

घरोघरी जाणारा कार्यकर्ता प्रचाराच्या दोन कामांपैकी कोणत्या तरी एका कामासाठी निघालेला असतो. आपल्या बाजूच्या मतदाराला मतदानाची आठवण करून देण्याचे काम असेल, तर यादी, पत्रक आणि एक-दोन मिनिटांचे बोलणे पुरते. ज्याचे मत आपल्याहून वेगळे आहे किंवा अजून ठरलेले नाही, अशा मतदाराशी बोलायचे असेल, तर मात्र वेळ, संयम आणि पूर्वतयारी यांखेरीज काहीच साधत नाही. नवे कार्यकर्ते या दोन कामांची गल्लत करून दुसऱ्या कामालाही पत्रके वाटण्याच्या वेगाने भिडतात, म्हणून या लेखात त्या दुसऱ्या कामाविषयीच लिहितो आहे.

अशा सावकाश संवादाची जी पद्धत आज ‘डीप कॅनव्हासिंग’ या नावाने ओळखली जाते, ती एका पराभवातून घडली. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर 2008 मध्ये समलिंगी विवाहांवर बंदी घालणारा ‘प्रपोझिशन 8’ हा प्रस्ताव मतदारांच्या कौलाने मंजूर झाला. त्यानंतर समलिंगी व पारलिंगी व्यक्तींसाठी काम करणाऱ्या लॉस एंजेलिस एलजीबीटी सेंटरचे कार्यकर्ते, ज्या वस्त्यांनी बंदीच्या बाजूने कौल दिला होता त्याच वस्त्यांत परत गेले आणि तुम्ही असे मत का दिले, असे विचारू लागले. तेथे जे ऐकायला मिळाले, त्यातूनच पुढे संवादाचा आराखडा तयार होत गेला. या पद्धतीचे कौतुक करणारा पहिला गाजलेला शोधनिबंध 2015 मध्ये मागे घ्यावा लागला, कारण त्यातील माहिती विश्वासार्ह नसल्याचे उघडकीस आले. ज्यांनी ते उघडकीस आणले त्यांच्यापैकीच डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या दोघा राज्यशास्त्राच्या संशोधकांनी मायामीत स्वतंत्र प्रयोग केला. सुमारे दहा मिनिटांच्या संभाषणाने पारलिंगी व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह कमी होतो आणि तो परिणाम किमान तीन महिने टिकतो, असे त्यांना 2016 मध्ये आढळले. याच दोघांनी 2018 मध्ये 49 प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा सार्वत्रिक निवडणुकीत नेहमीच्या प्रचारामुळे उमेदवाराची निवड बदलण्याचे प्रमाण सरासरी शून्याच्या जवळ निघाले. हे दोन्ही निष्कर्ष नवख्याने एकत्रच लक्षात ठेवावेत, असे माझे मत आहे, कारण पूर्वग्रह किंवा एखादा प्रश्न यांवरचा संवाद आणि उमेदवारासाठी मत मागणे यांत फार अंतर आहे.

आता प्रत्यक्ष दाराकडे वळू. घंटा एकदा वाजवून दोन पावले मागे सरावे, ओळखपत्र दिसेल असे ठेवावे, आणि आपण कोण, कोणाकडून व कशासाठी आलो आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगावे. बहुतेक दारे उघडत नाहीत, उघडली तरी अनेकांना वेळ नसतो, आणि त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

दार उघडून समोरची व्यक्ती थांबली, तर मी आधी मत विचारतो आणि ते शून्य (पूर्ण विरोध) ते दहा (पूर्ण पाठिंबा) या मापावर सांगायला लावतो. एकदा स्थलांतरितांना सरकारी आरोग्यसेवा मिळावी का, या प्रश्नावर एका बाईंनी तुटकपणे “तीन” असे उत्तर दिले. अशा वेळी “इतकेच का?” असे विचारण्याचा मोह होतो, परंतु तसे विचारल्यास माणूस आपल्या विरोधाची कारणे जमवू लागतो. मी विचारले, “शून्य का नाही म्हणालात?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या, आणि ती शांतता मी मोडली नाही. मग त्यांनी सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात रात्री उशाशी बसणाऱ्या एका परप्रांतीय परिचारिकेविषयी सांगितले. “म्हणजे तुमचाच अनुभव तुमच्या मताच्या उलट आहे” असे म्हणून मला गुण मिळवता आले असते, पण संभाषण तेथेच संपले असते. म्हणून मी त्या परिचारिकेविषयीच आणखी विचारत राहिलो. निरोप घेताना बाई म्हणाल्या, “चार म्हणा फार तर.” या कामात एका अंकाचा फरक पुष्कळ असतो, आणि तो महिन्याभराने टिकलेला नसेल, हेही शक्य असते.

मतदाराने काही सांगितल्यावर आपणही स्वतःच्या आयुष्यातील एखादी खरी गोष्ट सांगावी, कारण एकतर्फी प्रश्न विचारत राहिल्यास भेटीला चौकशीचे रूप येते. काला आणि ब्रूकमन यांच्या 2020 मधील प्रयोगांतही नुसते युक्तिवाद करून परिणाम दिसला नाही, अनुभवांची देवाणघेवाण झाली तेथे तो दिसला. गोष्ट मिनिटभराची असावी आणि तिच्यात आपण नायक नसावे. आधी सहकाऱ्यासमोर ती दोन-तीनदा म्हणून पाहिली म्हणजे तिच्यातले भाषण गळून पडते.

न रागावता ऐकणे म्हणजे मान डोलावणे नव्हे. समोरचा एखाद्या समाजाविषयी अपशब्द बोलत असेल, तर सवयीने हलणारी मान संमती ठरते, तेव्हा मान स्थिर ठेवून “असे वाटण्यासारखे तुमच्या बाबतीत काय घडले?” इतकेच विचारावे. ज्यांच्याविषयी ते बोलले जाते त्याच समाजातील कार्यकर्त्यावर हे ओझे दुप्पट पडते, आणि त्याला कोणत्याही क्षणी नमस्कार करून निघून येण्याची मोकळीक असलीच पाहिजे. ही मोकळीक न देणारा प्रमुख कितीही अनुभवी असला, तरी त्याच्या हाताखाली मी नवख्याला पाठवणार नाही.

नोंद दारासमोर करू नये. कोपऱ्यापर्यंत चालत जावे आणि मतदाराचे शब्द त्याच्याच भाषेत लिहावेत. “पाण्याची समस्या” असे लिहिण्याऐवजी “पहाटे चारला उठून बादल्या भरते” असे लिहिलेले उमेदवाराला अधिक उपयोगी पडते. आजारपण, घरातील भांडण, कर्ज अशा विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी मात्र प्रचाराच्या नोंदवहीत जाऊ देऊ नयेत. तक्रार सुटेल असे आश्वासन आपण देऊ नये. ती कोणाकडे पोहोचवू एवढे सांगावे आणि खरोखरच पोहोचवावी. काय घडले हे सांगायला त्या दारी कोणी परत जाणार आहे का, हे फेरीवर निघण्यापूर्वीच प्रचारप्रमुखाला विचारून घ्यावे, आणि उत्तर टाळाटाळीचे आले तर आपल्या वाट्याला पत्रके वाटण्याचे काम मागून घ्यावे.